डिझेल की पेट्रोल : एका जुन्या हिशोबाची चिकित्सा

गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे एक हिशोब मांडला जातो. तो सहा ओळींचा असतो. रविवारच्या पुरवणीत, शोरूममधल्या सेल्समनच्या कॅल्क्युलेटरवर, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांच्या तोंडी, सगळीकडे तो तसाच असतो. २०२२ च्या दिवाळीआधी पुतण्याने सांगलीहून फोनवर विचारले, "काका, डिझेल घेऊ की पेट्रोल?" तेव्हा मीही तोच मांडला. पेन्सिलीने, एका बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर. तो कागद अजून माझ्याकडे आहे, म्हणून जसाच्या तसा देतो.

डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा सव्वा लाखाने महाग. पेट्रोल १०६ रुपये, गाडी लिटरला १३ किलोमीटर देणार, म्हणजे किलोमीटरला ८ रुपये १५ पैसे. डिझेल ९३ रुपये, गाडी १७.५ देणार, म्हणजे ५ रुपये ३१ पैसे. किलोमीटरमागे बचत २ रुपये ८४ पैसे. सव्वा लाख भागिले २.८४ म्हणजे ४४,००० किलोमीटर. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर पावणेचार वर्षांच्या आत फरक वसूल, पुढे सगळा फायदा.

पुतण्याने डिझेल एसयूव्ही घेतली. सव्वीस महिन्यांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. त्या वेळी गाडी ९,१०० किलोमीटर चालली होती. वर्कशॉपने सांगितले, सायलेन्सरच्या वाटेवरचा फिल्टर काजळीने भरला आहे. तो मशीन लावून जाळून साफ केला, ऑईल बदलले, बिल झाले. पाच महिन्यांनी पुन्हा तोच दिवा. या वेळी फिल्टर बदलावा लागेल म्हणाले, आणि वॉरंटीचा विषय काढल्यावर "गाडी वापरण्याची पद्धत चुकीची आहे" असे लेखी उत्तर आले. गाडी कोणत्या कंपनीची आणि वर्कशॉप कोणते, ते इथे महत्त्वाचे नाही. त्यांचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते, हेच मला जास्त लागले.

मी अभियंता नाही. माझी पंचवीस वर्षे मिरजेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. जे काही कळते ते पार्ट नंबरांच्या पुस्तकांतून, मिस्त्री लोकांच्या बोलण्यातून आणि कात्रणे जमवायच्या खोडीतून आलेले आहे. १९९८ साली टाटांची इंडिका आणि सफारी बाजारात आल्या तेव्हापासून 'पेट्रोल घ्यावी की डिझेल' या मथळ्याचे किंवा त्या अर्थाचे जे काही मराठीत छापून आले ते शक्य तितके मी कापून ठेवले. दिवा दुसऱ्यांदा लागल्यावर ती फाईल काढून बसलो. सत्तावीस वर्षांचे लेख एका बैठकीत वाचल्यावर जे दिसले ते असे, की गाडी बदलली, इंजिन बदलले, इंधन बदलले, भाव ठरवणारा बदलला, कर बदलला. हिशोब मात्र बदलला नाही. आकडे नवे घातले जातात, ओळी त्याच.

या लेखांचा साचा सांगण्यासारखा आहे. सुरुवातीला एक छायाचित्र : गाडी डोंगरमाथ्यावर किंवा ओढ्यातून पाणी उडवत जाताना. (आपल्याकडच्या बहुतेक एसयूव्ही ओढा ओलांडतात तो शाळेसमोरच्या रस्त्यावर पावसाळ्यात तुंबलेला.) मग 'दणकट', 'पिकअप', 'रुबाब' हे तीन शब्द. मग चौकटीत हिशोब. आणि शेवटी, "आपल्या गरजेनुसार आणि वापरानुसार निर्णय घ्यावा." मला चीड येते ती या वाक्याची. गरज आणि वापर हाच तर प्रश्न होता. लेखकाने तो वाचकाकडे परत ढकलला आणि मानधन घेतले. मीही पुतण्याला फोन ठेवताना जवळजवळ हेच म्हणालो होतो. मानधन तेवढे नव्हते.

आता हिशोबाकडे वळू. तो कुठून आला?

माझ्या लहानपणी आमच्या भागात 'इंजिन' म्हणजे विहिरीवरचे डिझेल इंजिन. रेल्वेच्या इंजिनालासुद्धा 'आगगाडीचं इंजिन' असे सांगावे लागे. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑईल इंजिनांची कंपनी काढली, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ते इंजिन घराघरातल्या बोलण्यात आले. डिझेल हे शेतकऱ्याचे, ट्रकवाल्याचे, एसटीचे इंधन. पेट्रोल हे साहेबाच्या गाडीचे आणि स्कूटरचे. सरकारने डिझेल स्वस्त ठेवले ते या समजुतीवर, आणि त्या काळी ती समजूत खोटी नव्हती. १९९४ साली पुण्याहून टाटा सुमो आली. सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरे घेऊन केलेले ते नाव. तिने शेतकऱ्याचे इंधन दहा माणसांच्या वडापच्या गाडीत आणले. मग इंडिकाने ते मध्यमवर्गाच्या दारात आणले. नाशिकला तयार झालेल्या बोलेरो आणि स्कॉर्पिओने ते पुढाऱ्याच्या दारात आणले. ज्याच्यासाठी भाव पाडून ठेवला होता त्याच्या शेजारून दुसराच माणूस टाकी भरू लागला.

ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही असे नाही. २०१० साली किरीट पारिख समितीने डिझेलच्या मोटारींवर ८०,००० रुपयांचा जादा कर सुचवला होता. तो लागला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पेट्रोलचा भाव सरकारी नियंत्रणातून सुटला, डिझेलचा सुटला नाही, आणि दोघांतले अंतर वाढत गेले. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर होते आणि डिझेल ४१ च्या आत. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! त्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या दर दोन मोटारींतली एकाहून जास्त डिझेलची होती. आमच्या दुकानात त्या दोन वर्षांत पेट्रोल गाड्यांच्या प्लगची खोकी धूळ खात पडली होती.

सहा ओळींचा हिशोब या काळाचे अपत्य आहे, आणि त्या काळी तो बिनचूक होता. माझ्या कागदावरचेच १३ आणि १७.५ हे आकडे २०१२ च्या भावांना लावून पाहा. पेट्रोलचा किलोमीटर ५ रुपये ६२ पैशांना, डिझेलचा २ रुपये ३४ पैशांना. बचत ३ रुपये २८ पैसे. २०२२ मध्ये ती २ रुपये ८४ पैसे. रुपयाची किंमत उतरली हे धरूनही, दहा वर्षांत भावांतले अंतर ३२ वरून १३ वर आले त्या मानाने बचत फार कमी झाली, असे दिसत नाही. इथेच माझी फसगत झाली. उत्तर साधारण तेच येत होते, म्हणून हिशोब अजून चालतो असे मी समजलो.

पण ती बचत उकलून पाहायला हवी होती. किलोमीटरमागच्या बचतीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, डिझेल स्वस्त असते म्हणून वाचलेले पैसे. दोन, डिझेल इंजिन तेवढ्याच इंधनात जास्त चालते म्हणून वाचलेले पैसे. पहिला भाग सरकारने दिलेला, दुसरा इंजिनाने. २०१२ च्या ३ रुपये २८ पैशांत सरकारचा वाटा १ रुपया ८३ पैसे होता, इंजिनाचा १ रुपया ४५ पैसे. २०२२ च्या २ रुपये ८४ पैशांत सरकारचा वाटा उरला ७४ पैसे, आणि इंजिनाचा झाला २ रुपये १० पैसे. म्हणजे बेरीज जवळपास तीच राहिली, पण देणारा बदलला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भावही खुला झाला, त्यानंतर हळूहळू हे घडले. जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही दिवस डिझेल पेट्रोलपेक्षा महाग विकले गेले. माझ्या फाईलीतल्या एकाही लेखात ही उकल नाही. सगळे जण 'भावातला फरक' या एकाच शब्दप्रयोगावर अडकलेले.

देणारा बदलल्याने काय बिघडते? सरकारचा वाटा घेताना कोणतीही अट नव्हती. गाडी शहरात चालवा, शेतात चालवा, वर्षभर दारात उभी करा. टाकीत ओतलेल्या प्रत्येक लिटरमागे तो मिळायचाच. इंजिनाचा वाटा मात्र इंजिनाच्या अटींवर मिळतो. आणि नेमक्या त्या अटी २०२० साली बदलल्या.

डिझेल इंजिन काटकसरी का, ते आधी थोडक्यात सांगतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचे मिश्रण ठिणगीने पेटते. डिझेलमध्ये नुसती हवा दाबून इतकी तापवतात की त्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनात साधारण दहापट दाब देतात, डिझेलमध्ये सोळापट किंवा अधिक. दाब जास्त म्हणून एकाच उष्णतेतून काम जास्त निघते. शिवाय डिझेलच्या एका लिटरमध्येच मुळात दहा-पंधरा टक्के ऊर्जा जास्त असते, ही गोष्ट लिटरच्या हिशोबात लपून जाते. तिसरी गोष्ट महत्त्वाची. पेट्रोल इंजिनाला हळू चालताना हवेची वाट चिंचोळी करून श्वास कोंडावा लागतो, आणि त्या कोंडलेल्या श्वासावर ताकद वाया जाते. डिझेलला तसे करावे लागत नाही. ते फक्त इंधन कमी घेते. म्हणून सिग्नलला थांबत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत डिझेलची काटकसर उलट जास्त दिसायची. जुने रिक्षावाले आणि टॅक्सीवाले अडाणी नव्हते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. पाचवा टप्पा गाळून चौथ्यावरून थेट सहाव्यावर उडी. इंधनातले गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आले आणि डिझेल मोटारींना काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, घातल्याशिवाय गत्यंतर उरले नाही. हा फिल्टर म्हणजे सिरॅमिकची जाळी. धुरातली काजळी तिच्यात अडकते. ती भरत आली की इंजिन स्वतःहून थोडे जादा डिझेल फवारून धूर तापवते, सहाशे अंशांच्या आसपास, आणि अडकलेली काजळी जळून राख होते. हे व्हायला गाडी गरम झालेली असावी लागते आणि पंधरा-वीस मिनिटे एका गतीने चालत राहावी लागते. सांगली-पुणे रस्त्यावर हे कधी होऊन जाते ते चालवणाऱ्याला कळतही नाही. पण गाडी घरून निघाली, चार किलोमीटर गेली, बंद झाली. पुन्हा निघाली, तीन किलोमीटर गेली, बंद झाली, तर जाळण्याचे काम दर वेळी अर्धवट राहते. फवारलेले जादा डिझेल पूर्ण जळत नाही आणि काही इंजिनांत ते सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑईलमध्ये मिसळते. पुतण्याच्या गाडीची ऑईलची पट्टी पाहिली तेव्हा ऑईल कमी होण्याऐवजी वाढलेले होते. बोटाला लावून वास घेतला. काउंटरवर पंचवीस वर्षे बसलेल्या माणसाला तो वास ओळखायला मशीन लागत नाही.

म्हणजे ज्या रखडणाऱ्या वाहतुकीत डिझेल इंजिन सर्वांत जास्त वाचवते, तीच वाहतूक त्याच्या फिल्टरला सोसत नाही. २०२० आधी शहरात डिझेल चालवणे हा शहाणपणा होता. २०२० नंतर तो शहाणपणा उलटा झाला. आणि सहा ओळींच्या हिशोबात फिल्टरसाठी ओळच नाही. असणार कशी? तो मांडला गेला तेव्हा बहुतेक गाड्यांत फिल्टरच नव्हता.

मोठ्या डिझेल गाड्यांत आणखी एक टाकी आली, युरियाच्या द्रावणाची. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला ते फवारतात. शेतकऱ्याच्या इंधनावर चालणाऱ्या गाडीला अखेर शेतकऱ्याचे खतही लागले, असे आमचा एक मिस्त्री म्हणतो. त्या द्रावणाचाही खर्च हिशोबात कुठे दिसत नाही, पण तो किरकोळ आहे, सोडून देऊ.

आता १३ आणि १७.५ या आकड्यांबद्दल. आपण त्याला 'ॲव्हरेज' म्हणतो. इंग्रजीत हा शब्द अनेक आकड्यांच्या सरासरीसाठी आहे. मराठीत तो गाडीचा अंगभूत गुण झाला, जसा म्हशीचा दुधाचा. "किती ॲव्हरेज देते?" या प्रश्नात 'कोण चालवतं, कुठं चालवतं' हे विचारायची सोयच नाही. जाहिरातीतला आकडा येतो तो सरकारमान्य चाचणीतून. पुण्यातल्या ज्या टेकडीला फिरायला जाणारे सर्रास 'एआरएआयची टेकडी' म्हणतात, तिच्या नावातली ती संस्था अशा चाचण्या करते. गाडी रोलरवर चढवतात, चाके जागच्या जागी फिरतात, ठरलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त करतात, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, एसी बंद, सगळे मिळून वीसेक मिनिटे. दोन गाड्यांची तुलना करायला ही चाचणी योग्य आहे; सगळ्यांना एकच परीक्षा. पण ती परीक्षा उत्तीर्ण होणारी गाडी आणि मे महिन्यात एसी लावून सांगलीच्या राम मंदिर चौकातून मुलांना आणणारी गाडी, या दोन निराळ्या गाड्या आहेत. मी कागदावर घातलेले आकडे जाहिरातीतले नव्हते, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून ऐकलेले होते. त्याचा मला अभिमान होता. पण ती गिऱ्हाइके बहुतेक हायवेवर चालवणारी होती.

पेट्रोलची बाजूही जागेवर राहिलेली नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे. २०३० साठीचे उद्दिष्ट पाच वर्षे अलीकडे आणून २०२५ मध्येच गाठले गेले. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे निव्वळ ऊर्जेच्या हिशोबाने अशा पेट्रोलचा लिटर सहा-सात टक्क्यांनी हलका. प्रत्यक्षात ॲव्हरेज किती घटते ते इंजिन कशासाठी जुळवले आहे त्यावर ठरते, आणि त्यावरून २०२५ मध्ये बरीच भांडणे झाली. मी सर्वांत वाईट धरतो : १३ चे १२.२. म्हणजे पेट्रोलचा किलोमीटर पन्नास-पंचावन्न पैशांनी महाग. आमच्या जिल्ह्यात या विषयावर बोलताना माणसे जरा जपून बोलतात. ऊस आपला, कारखाना आपला, मळीतून आणि रसातून निघणारे इथेनॉल आपले. आणि तेच टाकीत आले की ॲव्हरेज पडल्याची तक्रारही आपलीच. या गोष्टीने हिशोब डिझेलच्या बाजूला झुकतो, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. डिझेलविरुद्ध वकिली करायला मी बसलेलो नाही.

हिशोबाच्या पहिल्या ओळीतले सव्वा लाख हाही नैसर्गिक आकडा नाही. फवारणीचे पंप, इंजेक्टर, टर्बो, फिल्टर यांनी डिझेल इंजिन महाग होते हे खरे, पण त्यावर करांचा थर आहे. महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी भरायचा कर डिझेल मोटारीला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे. पंधरा लाखांच्या गाडीला इथेच तीस हजार झाले. जीएसटीत गाडीची लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत अशी कुंपणे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून कुंपणाच्या आतल्या गाड्यांना १८ टक्के आणि बाहेरच्यांना ४० टक्के असा सरळ भाग झाला. त्याआधी मोठ्या एसयूव्हीची व्याख्याच कायद्यात होती : इंजिन १५०० सीसीहून मोठे, लांबी चार मीटरहून जास्त, जमिनीपासून उंची १७० मिलिमीटर किंवा अधिक. आपल्या रस्त्यांवर किती गाड्या ३९९५ मिलिमीटरच्या आसपास लांबीच्या आणि १४९७ सीसीच्या आहेत ते पाहा, म्हणजे गाडीचा आकार कोण ठरवतो ते कळेल. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, तेव्हा महिन्याभरात महिंद्राने २.२ लिटरचे इंजिन १.९९ लिटरचे करून दिले. धुरात किती फरक पडला असेल हा निराळा विषय.

त्याच दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाडीवर आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीवर बंदीचा आदेश अनेक वर्षे आहे. महाराष्ट्रात तसे नाही. पण २०२३ मध्ये केंद्राच्या एका सल्लागार समितीने मोठ्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेलच्या चारचाकी बंद कराव्यात अशी शिफारस केली होती, आणि नुसत्या शिफारशीनेसुद्धा जुन्या गाड्यांच्या बाजारात बोली उतरते. जो हिशोब पावणेचार वर्षांनंतर 'पुढे सगळा फायदा' म्हणतो, तो दहाव्या वर्षी गाडी कोण घेणार हे विचारत नाही.

इथपर्यंतचे सगळे पैशाचे झाले. आता धुराचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारक ठरवले. आपल्याकडे डिझेल गाड्यांच्या विक्रीने शिखर गाठले तो हाच काळ. त्या वर्षीच्या माझ्या कात्रणांत हिशोब सात आहेत आणि धूर एकातही नाही. दुसऱ्या बाजूने, कार्बन डायऑक्साइड मोजला तर डिझेल बरे पडते : लिटर डिझेल जळून सुमारे २.७ किलो, लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३, पण ॲव्हरेज धरून किलोमीटरला काढले तर डिझेलचे दीडशेच्या आसपास ग्रॅम आणि पेट्रोलचे पावणेदोनशेच्या वर. म्हणजे पृथ्वीला डिझेल बरे आणि गल्लीतल्या पोराला वाईट. त्या पोराच्या वतीने मध्ये उभा आहे तो तो सिरॅमिकचा फिल्टर.

आणि इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सांगायला संकोच वाटतो. दुसऱ्यांदा दिवा लागला आणि नव्या फिल्टरचा भाव ऐकला, तेव्हा माझ्या ओळखीचा एक गॅरेजवाला म्हणाला, "एवढं कशाला? फिल्टर आतून पोकळ करून देतो, कॉम्प्युटरला सांगून टाकतो फिल्टर आहे म्हणून. आयुष्यात दिवा लागणार नाही. पीयूसीतही कळत नाही." हे बेकायदा आहे, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होते. खर्च नव्या फिल्टरच्या मानाने काहीच नव्हता. मी लगेच नाही म्हणालो नाही. माझा हिशोब चुकला होता, त्याची भरपाई करायची होती, आणि ही भरपाई स्वस्तात होत होती. मी पुतण्याला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता, म्हणून फोन सूनबाईंनी उचलला. मी त्यांना सगळे सांगितले.

त्या म्हणाल्या, "काका, गाडी मी चालवते. सकाळी दोघांना शाळेत सोडते, मग दवाखान्यात जाते, दुपारी परत. गेटसमोर चालू गाडीत दहा मिनिटं उभी असते, तिथं सगळी पोरं उभी असतात. पोकळ करू नका." आणि थोडे थांबून, "त्या वेळी मी पेट्रोलच म्हणत होते. तुम्ही मला विचारलंच नाहीत."

खरे होते. मी पुतण्याला विचारले होते, "महिन्याला किती फिरवशील?" त्याने हजार सांगितले. त्याच्या डोक्यात पुणे होते, गणपतीपुळे होते, मित्रांबरोबरचे आंबोलीचे पावसाळी बेत होते. तो बँकेत जातो स्कूटरवर. गाडी चालवणाऱ्या व्यक्तीचा आकडा महिन्याला साडेतीनशे होता. ४४,००० भागिले ३५०, म्हणजे दहा वर्षे पाच महिने. हे गणित करायला नव्या सिद्धांताची गरज नव्हती, जुन्याच हिशोबाची शेवटची ओळ योग्य माणसाला विचारायची होती.

त्यानंतर मी फाईल पुन्हा चाळली. सत्तावीस वर्षांच्या कात्रणांत गाडीचा खरेदीदार पुरुष आहे, चालवणाराही तोच आहे, आणि तो महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर फिरतो. बाई चित्रात मागच्या सीटवर किंवा डोंगराकडे बोट दाखवत उभी. माझ्या पिढीला हे खटकले नाही, कारण आमच्या घरातही तसेच होते. आता तसे नाही, पण हिशोब लिहिणारे आम्हीच आहोत.

मला आज कोणी विचारले तर मी भाव आणि ॲव्हरेज शेवटी विचारतो. आधी विचारतो, किल्ली रोज कोण उचलतं. एका वेळी सलग किती मिनिटं गाडी चालते. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास हायवे लागतो का. दोन महिने सध्याच्या गाडीचा किंवा स्कूटरचा आकडा पहिल्या आणि शेवटच्या तारखेला लिहून ठेवा म्हणतो. बहुतेकांना याचा कंटाळा येतो. सहा ओळींत उत्तर मिळत असताना दोन महिने कोण थांबणार? ज्यांचे रोजचे चाळीस-पन्नास किलोमीटर हायवेवरून आहे, ओझे किंवा माणसे भरून आहे, घाट आहे, त्यांना मी आजही डिझेलच सांगतो आणि ते बरोबरच असते. मोठ्या, जड एसयूव्हींत गिऱ्हाईक अजून डिझेलकडे झुकते, त्यात नुसता हट्ट नाही. पण लहान एसयूव्हीत, शहरात, एका घरातल्या एका गाडीला, मला बहुतेक वेळा पेट्रोल सांगावे लागते, इथेनॉलसकट.

पुतण्याच्या गाडीला नवा फिल्टर घातला. निम्मे पैसे मी दिले. तो नको म्हणत होता. मग गाडी त्याच्या मेहुण्याला दिली. तो सावंतवाडीत असतो, आठवड्यातून दोनदा माल घेऊन कोल्हापूरला जातो, आंबोली घाटातून. त्याला डिझेलच हवी होती. तिकडचे पेट्रोल गाडीवाले बांद्याच्या पुढे गोव्यात जाऊन टाकी भरतात, कारण तिथे पेट्रोल बरेच स्वस्त आहे. डिझेलमध्ये तेवढा फरक नाही, त्यामुळे तो तिकडे फिरकत नाही. परवा त्याने फोटो पाठवला. मीटरवर १९,८४० किलोमीटर, दिवा नाही.

सूनबाईंनी जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली. एसयूव्ही नाही. मी काही विचारले नव्हते.